तिरफळ

मत्राच्या मासळी बाजारात, सकाळी सव्वासहाला,
खलफान मला आता नावानं हाक मारतो.
चाळीस वर्षं या शहरात मी हिशेब लिहिले,
मासा निवडता आला नाही कधी.
ते खातं शालनचं होतं.

आता मीच कल्ला उचलून बघतो,
तारलीच्या डोळ्यात डोळा घालतो,
आणि खलफान हसतो.
ही तर आम्ही सुकवून उंटांना घालतो, रफीक!
घाल बाबा. उंटाला दम लागत नाही.
आमच्या घरी बावीस पायऱ्यांना
तीन थांबे लागतात.

ताप जाऊन चौदा महिने झाले.
रिपोर्टवर निगेटिव्ह छापून आलं, आम्ही पेढे वाटले,
आणि पाहुणा गेला तो वहाणा विसरून गेला.
एक तिच्या गुडघ्यात,
एक डोक्यात.

डॉक्टर बुथैना म्हणाली, आत सूज आहे.
मी शालनचे पाय बघितले.
तशी नाही, ती म्हणाली, दिसणारी नाही.
विस्तव विझलाय, राख गरम आहे अजून.
माझ्याकडे यावर हमखास गोळी नाही.
खाणं बदलून बघा. काहींना बरं वाटतं.
काहींना.
मी तो शब्द वहीत लिहिला, खाली रेघ मारली.
हिशेबनिसाला काहींचा आकडा लागतो.
तिनं दिला नाही. प्रामाणिक बाई.

मग बंद झाला कोपऱ्यावरचा चिप्स भरलेला परोटा,
करक चहा, शुक्रवारची जिलबी,
आणि एकाहत्तराव्या वर्षी
मी पहिल्यांदा कांदा चिरला.
डोळ्यांचं खापर त्याच्यावर फोडता आलं, बरं झालं.

ती खुर्चीत बसून सांगते, मी करतो.
पण शब्द तिच्या हातून सांडतात.
ते पिवळं घाल.
ते काळं, आंबट, सालींचं.
ते गुळगुळीत, चटणीचं, अरे, बैलांना त्याची पेंड घालतात.
हळद. आमसूल. जवस.
शब्दकोडं सुटलं की फोडणी.
वास तर तिला नाहीच, आणि येतो तो खोटा.
कॉफीला रॉकेलचा, कोथिंबिरीला जळक्या रबराचा.
माझ्या शर्टाला कसलाच नाही,
हे तिनं एकदाच सांगितलं, जपून.

बुधवारी तारली. ऑलिव्हचं तेल बेतानं,
आलं, लसूण, ओलं खोबरं नावाला.
आणि ते, ती म्हणाली. ते घाल.
कुठलं?
तिनं हवेत बोटं चोळली.
ते गं. काटेरी झाड. बी टाकायचं, टरफल ठेवायचं.
(मला गं म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.)
वेलची? नाही.
बडीशेप? तिनं तोंड भिंतीकडे केलं.

शेवटी शेवग्याच्या पाल्याच्या पुडीमागे
वेंगुर्ल्याहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली पुरचुंडी,
वर नाव नाही.
सात दाणे ठेचून टाकले.

जेवायला बसलो. बाहेर एसीचं पाणी ठिबकत होतं.
चव? मी विचारलं.
नाही.
वास?
नाही.
मग ती थांबली.
जीभ टाळूला लावली, काढली, परत लावली.
मुंग्या, म्हणाली.
जिभेला मुंग्या येतायत.
आणि ओठावर बोट धरून, कुणी झोपलंय घरात अशा आवाजात,
तिरफळ.

बरी झाली असं नाही.
संध्याकाळी परत तीन थांबे,
चष्मा परत फ्रीजमध्ये, दुधाशेजारी.
वहीत मी लिहिलं, तारली चार, दाणे सात.
शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

गुरुवारी एक दाणा खिशातून नेला.
खलफाननं चावला, जीभ बाहेर काढली,
उंटसुद्धा खाणार नाही म्हणाला,
आणि मग, हे काय आहे?
मी नाव सांगितलं.
त्याला म्हणता येईना.
मी परत म्हटलं, मासळीवर वाकून,
सावकाश,
आणखी एकदा.